उपनगरांतील तीन निवडणूक-निवाडे : एक परीक्षण

'निवाडपत्र' हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. वतनाचा तंटा पडला म्हणजे वादी-प्रतिवादींकडून प्रथम राजीनामे व जामीन घ्यावयाचे, नंतर त्यांच्या तकरिरा लिहून घ्यावयाच्या, जुने कागद पुढें आणवून ते अस्सल कीं बनावट हें शिक्का, मोर्तब व हस्ताक्षर यांवरून ताडून पाहावयाचें, गोताच्या साक्षीनें महजर करावयाचा आणि शेवटीं हरलेल्याकडून यजितखत लिहून घ्यावयाचें, हा क्रम शेंकडों छापील व अप्रकाशित कागदांतून त्यांच्या नजरेखालून गेलेला आहे. पाटिलकी-देशमुखीचे ते तंटे आतां राहिले नाहींत. परंतु लोकांनीं दिलेली जागा खरोखर कोणाची, हा तंटा राहिलाच आहे. आणि त्याचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाचे कागदही पुढेंमागें कोणा संशोधकाच्या दप्तरांत यावयाचेच आहेत. म्हणून आजच त्यांचें परीक्षण करण्यास प्रत्यवाय नसावा.

मुंबईच्या उपनगरांनीं या विषयांत एक वेगळेंच स्थान मिळविलें आहे. विलेपार्लें, सांताक्रूझ, आणि अंधेरी-गोरेगांव-जोगेश्वरीचा टापू, अशा एकमेकांस लागून असलेल्या तीन ठिकाणांहून तीन वाद निघाले. पहिले दोन सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तेथील निवाडे साऱ्या देशास आधारभूत झाले. तिसरा मोजणीविषयींचा असून तो अगदीं अलीकडील आहे. या तिन्ही निवाड्यांस आम्ही दोनच प्रश्न विचारणार आहों. न्यायालयानें मूळ कागद पाहिला काय? आणि पाहिला असल्यास तो वेळेवर पाहिला काय? निवाड्याची भाषा किती डौलदार किंवा पूर्वाधार किती उद्धृत केले, हा आमच्या दृष्टीनें गौण प्रश्न होय.

प्रथम कायद्याची चौकट थोडक्यांत सांगितली पाहिजे. राज्यघटनेच्या ३२९ व्या कलमानें संसदेच्या व विधिमंडळाच्या निवडणुकीस निवडणूक-अर्जाखेरीज दुसऱ्या मार्गानें आव्हान देण्याची मनाई केली आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखालीं हे अर्ज आरंभीं खास न्यायाधिकरणांपुढें चालत. १९६६ च्या दुरुस्तीनें ते काम उच्च न्यायालयांकडे आलें. निकालापासून ४५ दिवसांचे आंत अर्ज आला पाहिजे, त्यांत महत्त्वाच्या घटनांचें संक्षिप्त पण पुरतें कथन असलें पाहिजे, आणि चौकशी शक्य तों ६ महिन्यांत संपविण्याचा प्रयत्न झाला पाहिजे, असें कायदा सांगतो. भ्रष्ट आचरण सिद्ध झालें तर निवडणूक रद्द होते. खोटीं मतें स्वीकारलीं गेलीं किंवा नियमभंग झाला एवढें दाखवून मात्र भागत नाहीं. त्यामुळें निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हेंही सिद्ध करावें लागतें. पुढील विवेचनाचा सारा भार या शेवटच्या अटीवर आहे.

आतां विलेपार्ल्याचा निवाडा पाहूं. १३ डिसेंबर १९८७ रोजीं तेथें विधानसभेची पोटनिवडणूक झाली व डॉ. रमेश यशवंत प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर काशिनाथ कुंटे यांनीं अर्ज केला. वाद मतांच्या संख्येचा नव्हता, भाषणांचा होता. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर व १० डिसेंबर १९८७ या तीन दिवशीं पार्लें व खारदांडा येथें बाळ ठाकरे यांनीं प्रचारसभांत जीं भाषणें केलीं, त्यांत धर्माच्या नांवावर मतें मागितलीं, हा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयांत न्या. भरुचा यांनीं १९८९ सालीं ही निवडणूक रद्द केली, आणि ११ डिसेंबर १९९५ रोजीं न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठानें तो निर्णय कायम केला.

आमच्या पहिल्या कसोटीस हा निवाडा चांगला उतरतो. न्यायालयानें भाषणांचे उतारे समोर घेतले, ते कोठें व केव्हां झाले तें निश्चित केलें, आणि शब्दांचा अर्थ प्रसंग पाहून लावला. एखाद्या बखरींतील वाक्य मागील-पुढील संदर्भ सोडून उचलण्याचा दोष आम्ही इतरांच्या लेखांत नेहमीं दाखवितों. तो दोष येथें नाहीं. परंतु दुसऱ्या कसोटीवर काय दिसतें? मतदानापासून अंतिम निवाड्यापर्यंत ८ वर्षांस अवघे २ दिवस कमी एवढा काळ गेला. ज्या विधानसभेच्या जागेचा हा वाद, तिची मुदत १९९० सालींच संपली होती. निवाड्याचा जो परिणाम भाषण करणाऱ्याच्या मताधिकारावर व्हावयाचा, तो आदेशही १९९९ सालीं निघाला. बंदी मोजावयाची होती ११ डिसेंबर १९९५ पासून ६ वर्षें, म्हणजे तिचा अर्ध्याहून अधिक काळ आदेशापूर्वींच सरून गेला होता.

सांताक्रूझचा वाद याच जातीचा, म्हणून त्याविषयीं फार लिहीत नाहीं. १९९० च्या निवडणुकींत अभिराम सिंग निवडून आले, १९९१ सालीं उच्च न्यायालयानें ती निवडणूक रद्द केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. कायद्यांतील 'त्याचा धर्म' या शब्दांत केवळ उमेदवाराचा धर्म येतो कीं मतदाराचाही, हा प्रश्न ७ न्यायमूर्तींच्या पीठानें २ जानेवारी २०१७ रोजीं ४ विरुद्ध ३ अशा बहुमतानें सोडविला. मतदाराचा धर्मही त्यांत येतो असें ठरलें. अर्थनिर्णय म्हणून हा निवाडा मोलाचा आहे. परंतु सांताक्रूझच्या ज्या मतदारांनीं १९९० सालीं मतें दिलीं, त्यांच्या तंट्याचा निवाडा म्हणून त्यास कांहीं अर्थ उरला होता असें आम्हांस वाटत नाहीं. २७ वर्षांत वतनाचा तंटाही दुसऱ्या पिढीस जातो. येथें तर वतनच ५ वर्षांचें.

तिसरा वाद मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगांव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम व अंधेरी पूर्व असे ६ विधानसभा-विभाग त्यांत येतात. २० मे २०२४ रोजीं मतदान झालें व ४ जून रोजीं गोरेगांव येथील नेस्को संकुलांत मोजणी झाली. निकालाचे आंकडे जसेच्या तसे देणें इष्ट आहे. मतदान-यंत्रांवर अमोल कीर्तिकर यांस ४,५१,०९५ व रवींद्र वायकर यांस ४,५१,०९४ मतें मिळालीं. म्हणजे कीर्तिकर १ मतानें पुढें होते. टपाली मतांत वायकर यांस १,५५० व कीर्तिकर यांस १,५०१ मिळालीं. बाद ठरलेलीं १११ टपाली मतें पुन्हा तपासण्यांत आलीं. एकूण बेरीज वायकर ४,५२,६४४ व कीर्तिकर ४,५२,५९६ अशी होऊन वायकर ४८ मतांनीं विजयी झाल्याचें जाहीर झालें. दोघांच्या मिळून ९ लाखांहून अधिक मतांत हें अंतर दर लाखास सुमारें ५ मतांचें होय.

या मोजणीभोंवतीं बखरीही लागलीच तयार झाल्या. मोजणीच्या जागीं भ्रमणध्वनी वापरल्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि त्यावरून यंत्र भ्रमणध्वनीनें उघडतें अशी बातमी एका वृत्तपत्रांत आली. यंत्रास बाहेरून कसलीही जोडणी नसते असा खुलासा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनीं केला, व त्या वृत्तपत्रानें पुढें दिलगिरी व्यक्त केली. तरीही ती कथा लोकांच्या तोंडीं राहिलीच. अस्सल कागद बंद राहिले म्हणजे बखर वाढते, हा इतिहासाचा जुना अनुभव येथेंही आला.

कीर्तिकर यांच्या अर्जांतील सर्वांत वजनदार मुद्दा ३३३ प्रदत्त मतांचा होता. मतदार केंद्रावर गेला आणि त्याच्या नांवावर कोणी अगोदरच मत देऊन गेल्याचें दिसलें, तर त्या खऱ्या मतदाराची ओळख पटवून त्यास यंत्रावर नव्हे तर कागदी मतपत्रिकेवर मत देऊं देतात. ती मतपत्रिका वेगळ्या लखोट्यांत बंद होते व तिची स्वतंत्र यादी ठेवतात. परंतु ती मोजली जात नाहीं. तोतयाचें मत मात्र यंत्रांत मोजलें जातें. अशीं ३३३ मतें असतां ४८ मतांचा निकाल खरा कसा मानावा, हें वादीचें म्हणणें. त्याबरोबरच फेरमोजणी योग्य रीतीनें मागितली असतां नाकारली, अशीही तक्रार होती; ती मागणी वेळेवर व रीतसर झाली कीं नाहीं याविषयीं उभयपक्षांचें म्हणणें परस्परविरुद्ध होतें.

१९ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयांत न्या. संदीप मारणे यांनीं हा अर्ज फेटाळला. खोटीं मतें पडलीं असें म्हणणें पुरेसें नाहीं, तीं विजयी उमेदवारास मिळालीं व त्यामुळें निकाल बदलला हें दाखविणारें कथन अर्जांत नाहीं, हें त्याचें सार. अर्ज पुराव्याच्या पायरीपर्यंत पोहोंचलाच नाहीं. आम्ही येथें विचार करितों तो या निर्णयाचाच.

निकालापासून साडेसहा महिन्यांत निर्णय झाला, म्हणजे दुसऱ्या कसोटीस तो उतरला. पहिल्या कसोटीस मात्र तो उतरत नाहीं, कारण ३३३ मतपत्रिकांपैकीं एकही उघडून पाहिली गेली नाहीं. उपनगरांतील तिन्ही निवाडे शेजारीं ठेवले असतां जें चित्र दिसतें तें असें: जेथें न्यायालयानें पाहिलें तेथें फार उशीर झाला, आणि जेथें उशीर झाला नाहीं तेथें पाहिलेंच गेलें नाहीं.

यांत एका न्यायमूर्तींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यापुढें ६० वर्षांची परंपरा होती. १९६४ सालीं रामसेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किडवाई या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पराभूत उमेदवारानें केवळ शंका घेतली म्हणून मतपत्रिकांचीं पुडकीं उघडावयाचीं नाहींत. आधीं निश्चित घटना कथन केल्या पाहिजेत आणि न्यायालयास प्रथमदर्शनीं त्यांत तथ्य वाटलें पाहिजे. १९७५ च्या भाभी विरुद्ध शिव गोविंद या निवाड्यानें त्या अटी क्रमवार मांडल्या. हा नियम निष्कारण नाहीं. मतपत्रिका फाडून दिली असतां मागें राहणाऱ्या प्रतिपत्रावर तोच क्रमांक असे. दोहोंचा मेळ घातला तर कोणीं कोणास मत दिलें तें कळलें असतें. गावगाड्यांत असें कळणें किती घातक, हें सांगावयास नको. शिवाय प्रत्येक पराभूतास मोजणी पुन्हा करवून घेण्याचा हक्क दिला तर निवडणूक कधींच संपणार नाहीं. संग्राहकही आपलें दप्तर मागेल त्यास उघडून देत नाहीं.

तथापि जो नियम कागदी मतपत्रिकेच्या काळांत बांधला, तो यंत्राच्या काळांत जसाच्या तसा लावतां येईल काय, हा विचार आम्हांस निवाड्यांत हवा होता. यंत्रांतील बेरीज पुन्हा वाचली, किंवा ती केंद्रावर भरलेल्या मतांच्या हिशेबाशीं ताडली, तर कोणाचेंही गुपित फुटत नाहीं. टपाली मतांत मतदाराचें प्रतिज्ञापत्र व मतपत्रिका वेगळ्या पाकिटांत असतात. प्रदत्त मतांत कोणीं मत दिलें हें यादीवरून कळूं शकतें, म्हणून तेथें काळजी हवी. परंतु लखोटे एकत्र मिसळून केवळ बेरीज काढण्यास काय हरकत आहे? गुप्ततेचा प्रश्न या तीन जातींत तीन तऱ्हेचा असतां तिन्हींस एकच कुलूप लावणें सयुक्तिक नाहीं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. कागदी मतपत्रिकेच्या काळीं तोतयाचें मत प्रतिपत्रावरून हुडकून काढून वजा करितां येत असे. यंत्रांतून तोतयाचें एक मत वेगळें काढण्याची वाटच ठेवलेली नाहीं. अशा स्थितींत 'तीं मतें प्रतिपक्षास मिळालीं हें सांगा' ही अट घालणें म्हणजे जो पुरावा यंत्रानें अशक्य केला तोच मागणें होय. ३३३ पैकीं १९१ मतें वायकर यांस व १४२ कीर्तिकर यांस पडलीं असतील, तर तीं वजा केल्यावर कीर्तिकर १ मतानें पुढें जातात. उलट वांटणी झाली असेल तर अंतर वाढतें. कोणती वांटणी खरी तें जगांत कोणास ठाऊक नाहीं, आणि वादीस तर नाहींच. १९५४ च्या वशिष्ठ नारायण शर्मा यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ही सिद्धता कठीण असली तरी ती वादीनेंच केली पाहिजे असें म्हटलें होतें. परंतु १९८४ सालीं छेदीराम यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें अधिक व्यवहारी मार्ग धरिला. तेथें विजयाचें अंतर ३७३ मतांचें, आणि अपात्र असतां उभ्या राहूं दिलेल्या उमेदवारास मिळालेलीं मतें ६,७१०. एवढ्या मतांनीं निकाल बदलला असण्याचा संभव इतका दाट आहे कीं गणिती पुरावा मागणें व्यर्थ, असें धरून निवडणूक रद्द झाली. तें प्रकरण नामनिर्देशनाचें होतें, तोतयांचें नव्हे, आणि ३३३ चें ४८ शीं प्रमाण तितकें मोठें नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी वाद पुराव्यापर्यंत जाऊं देण्यास तेवढें प्रमाण पुरेसें होतें, असें आमचें मत आहे.

मूळ कागद पाहणें व वेळेवर पाहणें, दोन्ही एकत्र साधणें अशक्य आहे असें कोणी म्हणेल, तर दाखले आहेत. चंदिगडच्या महापौराच्या निवडणुकींत ३० जानेवारी २०२४ रोजीं ३६ पैकीं ८ मतपत्रिका बाद करण्यांत आल्या. सर्वोच्च न्यायालयानें त्या मतपत्रिका आपल्यापुढें आणवून डोळ्यांनीं पाहिल्या आणि २० फेब्रुवारी रोजीं त्या वैध ठरवून निकाल फिरविला. दुसरा दाखला पानिपत जिल्ह्यांतील बुआना लाखू गांवच्या सरपंचपदाचा. नोव्हेंबर २०२२ च्या त्या निवडणुकीचीं यंत्रें सर्वोच्च न्यायालयानें ३१ जुलै २०२५ च्या आदेशानें आपल्या आवारांत मागविलीं, उभयपक्षांसमक्ष व चित्रीकरणासह मतें मोजविलीं, आणि ज्यास पराभूत म्हटलें होतें त्यास १,०५१ व विजयी म्हटलेल्यास १,००० मतें असल्याचें निघालें. मोजणीचें काम एका दिवसाचें. तेथवर पोहोंचण्यास मात्र पावणेतीन वर्षें लागलीं. हीं दोन्ही प्रकरणें लोकसभेच्या निवडणूक-अर्जाहून निराळ्या वाटेनें गेलीं होतीं, हें खरें; पण कागद उघडल्यानें लोकशाही कोसळली नाहीं, एवढें त्यांवरून दिसतें.

परदेशांतील एक दाखला वायव्य मुंबईच्या वादाशीं विशेष जुळतो. इंग्लंडांत विंचेस्टर येथें १ मे १९९७ रोजीं मार्क ओटन २ मतांनीं निवडून आले. अधिकाऱ्यांच्या चुकीनें ५५ मतपत्रिकांवर सरकारी छाप उमटला नव्हता, म्हणून त्या बाद झाल्या होत्या. न्यायालयानें त्या मतपत्रिका विचारांत घेतल्या, निकाल त्यांवर फिरतो असें पाहून निवडणूक रद्द केली, व २० नोव्हेंबर रोजीं पुन्हा मतदान होऊन ओटन २१,५५६ मतांनीं विजयी झाले. येथेंही साडेसहा महिनेच लागले. तेवढ्याच काळांत तेथें जुना वाद मिटून नवें मतदानही झालें. पहिला विजेताच पुन्हा आला, परंतु आतां त्याच्या जागेविषयीं कोणास शंका घेण्यास जागा राहिली नाहीं.

आतां आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. १९६१ च्या निवडणूक-नियमांप्रमाणें मतदानाचीं बंद पुडकीं १ वर्ष ठेवून, न्यायालयाचा किंवा आयोगाचा निराळा आदेश नसेल तर, नष्ट करावयाचीं असतात. उच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशीं, २० डिसेंबर २०२४ रोजीं, केंद्र सरकारनें नियम ९३ मध्यें दुरुस्ती करून लोकांनीं पाहावयाच्या निवडणूक-कागदांची व्याप्ति नियमांत नमूद केलेल्या कागदांपुरतीच मर्यादित केली. त्या दुरुस्तीचा या वादाशीं संबंध नव्हता. तिचें निमित्त हरियाणांतील एका प्रकरणाचें होतें. पुढें मे २०२५ मध्यें, ४५ दिवसांत अर्ज न आल्यास मतदानाचें व मोजणीचें चित्रीकरणही नष्ट करावें, अशी सूचना निवडणूक आयोगानें दिली. मतदाराच्या खाजगीपणाचें कारण यास दिलें जातें व तें सर्वस्वीं पोकळ नाहीं. परंतु परिणाम काय? ४८ मतांच्या निकालाचा अभ्यास ५० वर्षांनीं जो करील, त्याच्या हातीं निकालपत्र व निवाडपत्र येईल, म्हणजे केवळ नकला येतील. ज्यावरून त्या नकला झाल्या तो अस्सल त्याच्यापर्यंत पोहोंचेल अशी कांहींच तजवीज नाहीं. शंभर वर्षांचीं दप्तरें रद्दींत विकलीं गेल्याबद्दल जे आम्ही हळहळतों, त्या आम्हीं हें निमूट पाहावें काय?

सबब आमच्या दोन सूचना आहेत. एक, विजयाचें अंतर कायद्यानें ठरविलेल्या सूक्ष्म प्रमाणाहून कमी असल्यास फेरमोजणी मागण्याची वाटच पाहूं नये. ती आपोआप व्हावी. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत अर्ध्या टक्क्याच्या आंतील अंतरास असा नियम आहे. आपणांस त्याहून पुष्कळ लहान प्रमाण पुरे होईल. दोन, अशा निवडणुकींचे कागद नष्ट न करितां बंद मोहोरेनिशीं अभिलेखागारांत द्यावे व ते ५० वर्षांनीं अभ्यासकांस खुले व्हावे. तोंपर्यंत कोणाच्याही मताचें गुपित फुटण्याचा संभव नाहीं.

जुन्या निवाड्यांत अनेक दोष होते. दिव्याचा आश्रय, दरबारी वशिला, जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेण्याची चाल, यांपैकीं कशाचेंही समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु हरलेल्याच्या हातचें यजितखत घेतल्याशिवाय निवाडा पुरा झाला असें ते मानीत नसत, यांत एक शहाणपण होतें. आपला कागद पाहिला गेला आणि तो खोटा ठरला, हें ज्यास पटलें तोच यजितखत मनापासून लिहून देतो. लखोटा बंदच राहिला तर हरलेला गप्प बसेल, पण त्याच्या बाजूचे साडेचार लाख मतदार मनांतून यजितखत लिहून देणार नाहींत. आणि जिंकलेल्याच्या विजयावरील डागही तसाच राहील. ४ जून २०२४ रोजीं खरा विजय कोणाचा होता, तें सांगण्याचें आमचें काम नाहीं. तो निर्णय करण्याचें सामर्थ्य ज्या कागदांत कांहीं अंशीं होतें, ते उघडले गेले नाहींत, एवढें नोंदवून ठेवणें मात्र आमचें काम आहे.